गावाचा ग्रुप ते ग्रामसभा : मोबाईलवरची चर्चा ठरावापर्यंत कशी न्यायची?

नाशिक : त्र्यंबकेश्वर तालुक्यातला शेंद्रीपाडा आठवतोय? तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या बायांचे फोटो राज्यभर फिरले. त्यानंतर जानेवारी 2022 मध्ये तिथं लोखंडी पूल बसला. पण जुलै महिन्यातल्या पुरात तो वाहून गेला आणि बायांची पुन्हा तीच कसरत सुरू झाली.

यातून दोन गोष्टी कळतात. मोबाईलवर विषय गाजला की यंत्रणा हलते, हे खरं. पण काम टिकाऊ व्हायचं तर ते कागदावर, आराखड्यात आणि ठरावात यावं लागतं. आज जवळपास प्रत्येक गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पाणी, रस्ता, रेशन, घरकुल यांवर तिथं रोज चर्चा होते. मात्र ग्रुपवर शंभर जणांनी अंगठा दाखवला तरी कायद्याच्या लेखी त्याला किंमत नाही. किंमत आहे ती ग्रामसभेतल्या ठरावाला. म्हणून ग्रुपवरची गोष्ट ग्रामसभेत कशी न्यायची, याची ही माहिती. जपून ठेवा, कामाला येईल.

ग्रामसभा कोणाची?

गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. सरपंच आणि सदस्य निवडून आले म्हणजे आपलं काम संपलं, असं नाही. 73 व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा दिली. ही दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे :

• आर्थिक वर्षात किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुरेसं कारण नसताना सभा टाळली तर सरपंचावर अपात्रतेची कारवाई होऊ शकते.
• गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत.
• कोरमअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला कोरमची अट नसते. म्हणजे आपण गेलो नाही तरी चार लोकांत निर्णय होऊन जातो. हे नीट लक्षात ठेवा.
• नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. राज्यात पंचायतीत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, पण महिला सभा बऱ्याच ठिकाणी सह्यांपुरतीच उरते. पाण्याचा, दारूचा, अंगणवाडीचा विषय बायांनी इथंच मांडला तर तो पुढं ग्रामसभेत जोरात येतो.

पेसा गावांना जास्तीचा अधिकार

पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरी, बागलाण, नाशिक या तालुक्यांतली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. इथं 1996 चा पेसा कायदा आणि राज्याचे 2014 चे नियम लागू आहेत. मुख्य गावापासून लांब असलेल्या पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा हवी असेल तर पाड्यातल्या निम्म्यापेक्षा जास्त मतदारांनी तसा ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे (प्रांत) पाठवायचा. गौण वनोपज, गौण खनिज, पाणीसाठे, सावकारी, दारूची दुकानं या विषयांत पेसा ग्रामसभेच्या मताला कायद्यानं वजन दिलं आहे.

वनहक्काचा दावा असेल तर नियम आणखी कडक आहेत. वनहक्क कायदा 2006 खालच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांना हा विषय नवा नाही. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या लाँग मार्चची मोठी मागणी वनजमिनीच्या हक्काचीच होती. मोर्चानं सरकारला बोलतं केलं, पण प्रत्येक दाव्याची सुरुवात आजही आपल्याच गावच्या ग्रामसभेतून होते.

ग्रुपवरचा विषय ठरावात कसा आणायचा?

1. विषय एकच घ्या. "गावात काहीच होत नाही" असं लिहून उपयोग नाही. "वस्तीवरच्या शाळेजवळचा हातपंप बंद आहे, दुरुस्ती करावी" असं नेमकं लिहा. फोटो, तारीख आणि ठिकाण जोडा.

2. आधी आराखडा बघा. ई-ग्रामस्वराज पोर्टल किंवा 'मेरी पंचायत' ॲपवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की या वर्षी कोणती कामं धरली, निधी किती आला आणि किती खर्च झाला ते दिसतं. कागदावर पूर्ण आणि जागेवर गायब असं काम सापडलं तर तोच पहिला प्रश्न.

3. सभेआधी लेखी अर्ज द्या. सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या नावे साधा अर्ज लिहा : "येणाऱ्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत खालील विषय घ्यावा, ही विनंती." खाली जमतील तेवढ्या ग्रामस्थांच्या सह्या घ्या. दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घ्यायला विसरू नका.

4. ग्रुपवर माणसं गोळा करा. ग्रुपचा खरा उपयोग इथं आहे. सभेची तारीख, वेळ आणि विषय तीन दिवस आधी टाका, आदल्या रात्री पुन्हा टाका. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना शेजाऱ्यांनी सांगायचं. शेतमजूर, वाडीवरचे, पाड्यावरचे लोक ग्रुपवर नसतात. त्यांना वगळून गावाचं मत ठरत नाही.

5. ठराव वाचून घ्या. चर्चा झाली म्हणजे ठराव झाला असं समजू नका. इतिवृत्तात नेमकं काय लिहिलं, ठराव क्रमांक काय, सूचक आणि अनुमोदक कोण, हे सभेतच विचारा. नंतर ठरावाची नक्कल मागा आणि तीच ग्रुपवर टाका.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं हेच वेगळ्या पद्धतीनं केलं. तिथं अभ्यास गटात विषय आधी समजून घेतात आणि ग्रामसभेत बहुमताऐवजी सर्वसहमतीनं ठरवतात. याच वाटेनं 2009 मध्ये त्यांनी सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही असा अभ्यास गट होऊ शकतो. फक्त गुड मॉर्निंगचे फोटो थोडे कमी करावे लागतील.

दाद लागली नाही तर?

• माहिती अधिकार : 10 रुपये शुल्क भरून अर्ज करा. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला शुल्क नाही. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. तिथंही समाधान झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील.
• लोकशाही दिन : तहसीलला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी. अर्ज 15 दिवस आधी द्यायचा. सुरुवात तालुक्यापासून करा.
• दाखले अडवले तर : लोकसेवा हक्क कायदा 2015 प्रमाणे जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना 8 चा उतारा अशा सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा हक्क आहे. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करता येतो आणि अपीलही करता येतं.

ग्रुपवर बोलताना हे पाळा

1 जुलै 2018 हा दिवस खान्देशानं पाहिलाय. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा मोबाईलवरच्या अफवेनं धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. ज्या जागी गावानं न्याय करायचा, तिथंच हे घडलं. त्याच दिवशी आपल्या मालेगावातही अशाच अफवेनं जमाव चालून गेला होता, पोलिसांनी वेळीच त्या कुटुंबाला वाचवलं. म्हणून :

• खात्री नसलेला मेसेज पुढं ढकलू नका. शंका असेल तर पोलिसांच्या 112 क्रमांकावर फोन करा.
• कुणाला वाळीत टाकायचा निरोप ग्रुपवर फिरवणंही महागात पडेल. सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गावकीनं किंवा जातपंचायतीनं ठरवलं, ही सबब चालत नाही.
• जातीवरून शिवीगाळ, महिलांचे फोटो किंवा बदनामी खपवून घेऊ नका. सदस्याच्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणी आपोआप गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलंय. पण ॲडमिन स्वतः सामील असेल तर सुटका नाही.
• सरपंचांना प्रश्न जरूर विचारा. प्रश्न कामावर असावा, घरादारावर नको.

पुढची ग्रामसभा कधी आहे, हे आजच ग्रामपंचायतीत विचारा आणि तारीख ग्रुपवर टाका. एक विषय, एक अर्ज, एक पोच. एवढं केलं तरी तुमचं म्हणणं मोबाईलमधून निघून गावच्या दप्तरात येईल.