ओल्या तळहातांची शस्त्रक्रिया

खारदांड्यास माझा एक विद्यार्थी तळहाताखालीं टीपकागद ठेवून लिहीत असे. घामानें शाई पसरे. घामाचा हुकूम नेणारी मज्जातंतूंची साखळी छातींत कण्यालगत असते. अतिघामावर ती छेदण्याचा प्रयोग १९२० सालीं कोट्झारेफ यांनीं केला. पण पुढें कित्येक वर्षें त्याकरितां मान, पाठ वा छाती बरीच चिरावी लागे. वास्तविक स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनीं १९१० सालींच छातींत दुर्बीण घातली होती! त्या वाटेनें साखळी छेदिली ती ह्यूजेस यांनीं, १९४२ सालीं. १९९० नंतर कॅमेरा जोडला गेला आणि काखेखालील लहान छिद्रें पुरूं लागलीं. तळहात तत्काळ कोरडे होतात. परंतु पुष्कळांस मग पाठीपोटावर घाम फुटतो, आणि तुटलेली साखळी सांधणें दुर्घट. तो विद्यार्थी मोठेपणीं सल्ला विचारावयास आला, तेव्हां मीं त्याला प्रथम हेंच सांगितलें.