खेळून पोट भरतं का?

विजय हजारे सांगलीत जन्मले, १९१५ साली. स्मृती मानधना जन्मली मुंबईत, १९९६ साली, पण वाढली आपल्या माधवनगरात. मध्ये ८१ वर्षं गेली. सांगलीकर ही दोन्ही नावं एका दमात घेतात, घ्यायलाच हवीत. पण दोघांच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवल्या की मला धावांच्या आधी एक साधा प्रश्न दिसतो. बॅट धरणाऱ्याला पगार कोण देतं?

हजाऱ्यांना तो संस्थानिकांनी दिला. आधी देवास, मग बडोदा. १९४८ मध्ये अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर एकाच कसोटीत दोन शतकं ठोकणारा हा माणूस दरबारच्या आश्रयावर खेळत होता. राजा क्रिकेटवेडा असेल तर ठीक, नसेल तर तुमचं नशीब. संस्थानं गेली आणि त्यांची जागा बँका, रेल्वे, टाटा, एअर इंडिया यांनी घेतली. नाव ऑफिसच्या हजेरीपटावर, काम मैदानावर. मराठी मध्यमवर्गानं क्रिकेटला जी मान्यता दिली त्यात या नोकऱ्यांचा वाटा फार मोठा आहे, हे आपण सहसा बोलत नाही. "खेळून पोट भरतं का?" या घरोघरच्या प्रश्नाला "बँकेत लागेल की" हे उत्तर होतं.

मुलींसाठी तेही उत्तर नव्हतं. महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये आपल्या पुण्यात झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. महिलांची संघटना वेगळी, तिच्याकडे पैसा नाही. पुढे रेल्वेनं खेळाडू मुलींना नोकऱ्या दिल्या, त्यासाठी डायना एडलजी यांनी केलेली खटपट विसरता येणार नाही. इंदूरच्या संध्या अगरवालनं १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरला १९० धावा काढल्या. महिला कसोटीतला तो तेव्हाचा जागतिक विक्रम! किती जणांना माहीत आहे? २००५ मध्ये भारताच्या मुली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. त्या स्पर्धेत सामन्यामागे हजार रुपये मिळाल्याचं मिताली राजनं नंतर सांगितलं. हजार रुपये, विश्वचषकात!

२००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं. स्मृती तेव्हा दहा वर्षांची. वडील श्रीनिवास सांगली जिल्ह्याकडून खेळलेले, भाऊ श्रवण महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील संघात. भावाचं बघून बॅट धरली, ती डावखुरीच धरली, एरवी कामं उजव्या हातानं. नवव्या वर्षी राज्याच्या पंधरा वर्षांखालील संघात निवड, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात. एप्रिल २०१३ मध्ये, सतरा पूर्ण व्हायच्या आत, ती भारताकडून खेळली. त्याच ऑक्टोबरात बडोद्याला गुजरातविरुद्ध नाबाद २२४. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला.

आता एक गोष्ट नीट बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये तिनं इंग्लंडमध्ये वर्म्सलीला कसोटी पदार्पण केलं, दुसऱ्या डावात ५१ काढल्या, भारत जिंकला. पण ती भारताच्या महिलांची आठ वर्षांतली पहिली कसोटी होती. म्हणजे श्रीमंत मंडळाकडे गेल्यावर सगळं लगेच सुधारलं, हा समज काढून टाका. महिला खेळाडूंना पहिले वार्षिक करार मिळाले ते २०१५ मध्ये. वरच्या श्रेणीला १५ लाख. स्मृती तेव्हा १९ वर्षांची होती. तिची गुणवत्ता कुणी नाकारत नाही, पण गुणवत्ता संध्या अगरवालकडेही होती. फरक पडला तो सालाचा.

पुढचं सगळ्यांना तोंडपाठ आहे. ऑस्ट्रेलियातल्या लीगमध्ये खेळताना जानेवारी २०१७ मध्ये गुडघा गेला. पाच महिन्यांनी विश्वचषकात डर्बीला ९०, टाँटनला नाबाद १०६. लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात मात्र शून्य, आणि भारत ९ धावांनी हरला. पण तो सामना घराघरांत पाहिला गेला, आणि माझ्या मते खरा दरवाजा तिथं उघडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात पहिलंच नाव तिचं पुकारलं गेलं, ३ कोटी ४० लाख. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत विश्वचषक.

आता हिशेबाचं. २०२२ मध्ये मंडळानं पुरुष-महिलांचं सामन्याचं मानधन सारखं केलं. कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. निर्णय चांगला, टाळ्याही भरपूर मिळाल्या. पण वार्षिक करार? २०२४-२५ मध्ये महिलांच्या सर्वात वरच्या श्रेणीला ५० लाख होते आणि पुरुषांच्या सर्वात खालच्या श्रेणीला १ कोटी. शिवाय मानधन सामन्यामागे मिळतं, आणि महिलांच्या कसोट्या वर्षाला एखाद-दोनच होतात. सारखा दर लावायला काय जातं!

"बाजारच तेवढा आहे" हा युक्तिवाद कमेंटमध्ये येणार, माहीत आहे. मग हेही सांगा की हजाऱ्यांच्या काळात पुरुषांच्या क्रिकेटचा तरी बाजार कुठे होता? देवासच्या आणि बडोद्याच्या राजांनी काही तिकीटविक्री बघून पगार दिला नव्हता.

आणि स्मृतीचं भलं झालं, तिच्या खालच्या मुलींचं काय? महाराष्ट्राच्या वरिष्ठ संघातून एकदिवसीय सामना खेळणाऱ्या मुलीला २०२५ च्या डिसेंबरपर्यंत दिवसाला २० हजार मिळत होते, विश्वचषक जिंकल्यावर ते ५० हजार झाले. ऐकायला भरपूर वाटतं. पण हंगामात सामने मोजकेच, आणि अकरा जणींत नाव नसेल तर रक्कम निम्मी. लीगमध्ये संघ पाचच. उरलेल्या मुली अजूनही रेल्वेच्या भरतीकडे डोळे लावून बसतात.