वाटी, चमचा आणि लाखोळीचे वडे

माणसाने बी.कॉम. व्हावं, बँकेत चिकटावं, दुसऱ्याच्या पैशावर शिक्के मारावेत. पण पोटच्या लेकीला तोंडी शब्द देऊ नये. तोंडी व्यवहार कोर्टात टिकत नाही म्हणतात, घरात मात्र तोच सगळ्यात घट्ट टिकतो. आमची सौ. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. सोमवारी पहाटेच्या एसटीने जाते, शनिवारी संध्याकाळी चंद्रपूरला परतते. मधले दिवस घर मी चालवतो, म्हणजे खिचडी चालवते. सलग नवव्या खिचडीला कन्येने ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "बाबा, आपल्या घरी दुसरं काही शिजतच नाही का जी?" त्या 'जी'ने मी विरघळलो आणि दर रविवारी एक नवा पदार्थ करायचं कबूल करून बसलो.

भांडवल एकच होतं. सौ.ला लग्नात आलेलं कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'. हे पुस्तक १९७० साली निघालं आणि मराठी घरात इतकं रुजलं की कमलाबाईंना लाखावर सुनांची सासू म्हणू लागले. त्यात एका कारकून जावयाची भर पडली तर त्यांची हरकत नसावी.

या बाईंनी काय केलं ते वाणिज्य शाखेच्या माणसालाच नीट कळेल. १९५६ च्या कायद्याने शेर-छटाक हळूहळू गेले, किलो-ग्रॅम आले. सरकारला त्यासाठी कायदा, निरीक्षक, शिक्के, दंड असा सगळा लवाजमा लागला. कमलाबाईंनी स्वयंपाकघरात वाटी आणि चमचा हे चलन चालू केलं, त्याला एकही निरीक्षक लागला नाही. तराजू कुणाच्या घरी असतो? वाटी सगळ्यांकडे असते. आता वाटी कोणती, हा प्रश्न मलाही पडला होता. घरात सहा प्रकारच्या वाट्या, पैकी तीन लग्नातल्या आहेराच्या, नावं कोरलेल्या. सौ. म्हणाली, "अहो, कुठलीही घ्या. फक्त शेवटपर्यंत तीच ठेवा." म्हणजे हे गुणोत्तर! जे शिकायला मी कॉलेजात तीन वर्षं घालवली.

पहिल्या रविवारी नारळीभात केला. आमच्याकडे नारळ फोडतात तो देवापुढे. त्याचा भात करायचा हे ऐकून शेजारच्या काकू बघायला आल्या आणि न खाताच गेल्या. दुसऱ्या रविवारी अडचण भाषेची. पुस्तकात कोथिंबीर, आमच्याकडे सांभार. पुस्तकात बटाटे, आमच्याकडे आलू. शेंगदाणे म्हणजे आमचे फल्लीदाणे. पुण्याहून बदलून आलेले आमचे एक साहेब पहिल्या आठवड्यात भाजीबाजारात 'दहा रुपयांचा सांभार' ऐकून डबा घेऊन उभे राहिले होते. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा कचेऱ्या, फायली, खुर्च्या, सगळ्यांची वाटणी झाली. सांभार मात्र दोन्हीकडे सांभारच राहिला.

सवय वाईट. एक पुस्तक हाती आलं की त्याच्या मागचं खातं उघडावंसं वाटतं. मागे मागे गेलो. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चं. दर रविवारी एक धरली तर एकोणीस वर्षं पुरेल; तोवर मी निवृत्त आणि कन्या सासरी. त्याआधी १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र'. आणि पार मागे, १२ व्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. हा गृहस्थ राज्य सांभाळून 'मानसोल्लास' लिहीत होता आणि त्यात मांड्यांपासून ते नदीकाठच्या काळ्या उंदरांपर्यंत सगळं शिजवून ठेवलं आहे. हे वाचून दाखवल्यावर कन्या म्हणाली, "रविवारी खिचडीच करा."

पण एक गोष्ट टोचत राहिली. राजाने उंदीर लिहून ठेवला. माझ्या आईचे लाखोळीचे वडे मात्र मी चाळलेल्या एकाही पुस्तकात नव्हते.

लाखोळी बाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. आमच्या झाडीपट्टीत धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत ही डाळ फेकतात. नांगर नाही, पाणी नाही. उरल्या ओलाव्यावर येते. गरिबाची डाळ. पण तिच्यात एक विष असतं. दुष्काळात महिनोन् महिने हीच खाऊन राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडलेले आहेत. म्हणून १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली. पुढे आपल्या राज्याने ती उठवली. बंदी विक्रीवर होती, बांधीवर नव्हती. त्यामुळे माझं बालपण एका परीने बेकायदेशीर मालावर पोसलं गेलं. बँकेच्या अर्जात मी हे लिहिलं नाही, तसा रकानाच नव्हता.

आई नागभीडकडे गावी असते, धाकट्या भावाजवळ. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला फोन लावला, वही-पेन घेऊन बसलो.

"दाळ रातभर भिजू घालाची. सकाळी पानी फेकून द्याचं. मंग गरम पानी घालाचं, तेबी फेकाचं. मंग वाटाची. सांभार, मिरची, मीठ."

"मीठ किती वाटी?"

"मीठ का वाटीनं घालतेत बाप्पा? लागते तेवढं."

"आणि पाणी दोनदा काऊन फेकायचं?"

"माही माय फेकाची."

बस्, एवढंच कारण. नंतर एका लेखात वाचलं की ते विष पाण्यात उतरतं; डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिलं की त्याचा बराच भाग निघून जातो. प्रयोगशाळेत हे मोजून सिद्ध करावं लागलं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती.

वडे झाले. थोडे फुटले, पण झाले. कन्येने सात खाल्ले; सौ.ने रविवारचं ऑडिट करून एकच शेरा मारला, 'मीठ कमी'. मी खूश होऊन आईला पुन्हा फोन केला. म्हटलं, ही आता सांगेल, तू ऐक, आणि फोन लेकीच्या हातात दिला. आजीने नातीला पुन्हा सगळं सांगितलं. नात वहीत लिहीत होती, मी खांद्यावरून वाचत होतो. डाळ रातभर भिजवणे. सकाळी वाटणे. सांभार, मिरची.

मी फोन घेतला. "आई, पाणी?"

"कायचं पानी?"

"फेकायचं ते. दोनदा."

थोडा वेळ तिकडून काहीच आलं नाही. मग म्हणाली, "तू जेवलास का?"

जेवलो म्हणालो. फोन ठेवला. 'रुचिरा'च्या शेवटच्या कोऱ्या पानावर, बँकेच्या पेनाने, ठळक अक्षरात लिहिलं: लाखोळीची डाळ एक वाटी. पाणी फेकणे. दोन वेळा. खाली तारीख घातली आणि सवयीने सही केली. कन्येने विचारलं, शिक्का कुठे आहे.