खुब्याचे दुखणे आणि उसाचा हंगाम : नगर जिल्ह्याच्या श्रमेतिहासातील एक प्रकरण

प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाची साधने सामान्यतः दप्तरे, ताळेबंद व अहवाल यांत शोधली जातात. त्या इतिहासाचा श्रमिकाच्या देहावर जो ठसा उमटतो, त्याची नोंद मात्र पुष्कळदा बोलीतच राहून जाते. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराचे कंबर-खुब्याचे दुखणे या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

या दुखण्याच्या दोन अवस्था मराठी बोलीने क्रियापदांनीच वेगळ्या केल्या आहेत. कमरेत चमक ‘निघते’, उसण ‘भरते’, पाय ‘लचकतो’. हे सारे एका क्षणात घडते. परंतु कंबर ‘धरते’, तेव्हा दुखणे मुक्कामास आलेले असते. पहिल्या अवस्थेतून दुसरी का उद्भवते, हा येथे खरा प्रश्न आहे.

उपायांच्या अज्ञानामुळे ती उद्भवते, असे म्हणता येत नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, आंबेहळद व रक्तबोळ यांचा लेप, तालमीतील तेलाचे मर्दन हे उपाय सर्वपरिचित होते. उसण भरलेल्या जागी पायाळू माणसाचा पाय लावण्याची रूढीही महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. शास्त्रीय परंपरेचाही जिल्ह्यात अभाव नव्हता. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 साली नगर येथे आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. स्नेहन आणि स्वेदन हे वातविकारांवरील उपचार, तसेच व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा हा दंडक, आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत सांगितलेलाच आहे. आधुनिक वैद्यकाचे मतही याहून फारसे दूर नाही. स्नायूचा सौम्य ताण बहुधा दोन-तीन आठवड्यांत निवळतो. त्यासाठी प्रारंभी भार कमी करावा, पूर्ण अंथरुण धरू नये आणि पुढे हालचाल क्रमाक्रमाने वाढवावी. अर्धवट भरून आलेल्या स्नायूवर पुन्हा पूर्वीचाच भार पडल्यास दुखणे उलटते व रेंगाळते.

नेमका हा अवधीच नव्या ऊसव्यवस्थेत दुर्मिळ झाला. 1926 साली भंडारदरा धरण पुरे झाले आणि प्रवराकाठी बारमाही पाण्याची शेती विस्तारली. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. जिल्ह्याच्या उत्तरेस सुबत्ता आली. तोडणीसाठी माणसे मात्र पाथर्डी, शेवगाव यांसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून येऊ लागली. ऊस बुडख्याशी तोडावयाचा म्हणजे दिवसभर वाकणे आले. मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढावयाचे म्हणजे प्रत्येक पावली देहाचा व ओझ्याचा सारा तोल एकाच खुब्यावर आला.

या व्यवसायाची परिभाषा येथे विशेष बोलकी आहे. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे माणसाची ओळख हत्याराने होते. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ श्रमाने फेडावयाची असते. कामावर न गेलेला दिवस हा ‘खाडा’, आणि त्याचा भुर्दंड जोडीवर पडतो. वैद्य ज्यास विश्रांती म्हणतो, त्यास हिशेबाच्या वहीत खाडा हे नाव आहे. एकाची कंबर धरली, की दुसऱ्याचेही काम अडते. म्हणून दुखणे सांगण्यापेक्षा सोसणे स्वस्त ठरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी सरेपर्यंत दोन-तीन आठवड्यांचे दुखणे पाच-सहा महिन्यांचे होऊन बसते.

ज्या लोणी परिसरात हा सहकारी कारखाना उभा राहिला, तेथेच 1984 साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले व पुढे भौतिकोपचाराच्या शिक्षणाचीही सोय झाली. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. तथापि उपचार जवळ येणे व उपचारास सवड मिळणे या भिन्न गोष्टी होत. या दुखण्याचा इतिहास औषधांच्या यादीने पूर्ण होत नाही. बरे होण्यास लागणारे दिवस कोणाच्या खात्यावर मांडले गेले, हेही त्यात नोंदवावे लागते. नगर जिल्ह्यात ते दिवस बव्हंशी कामगाराच्याच खात्यावर पडले.