जिन्याच्या कठड्याचें वळण

वळणाच्या जिन्यावरून उतरतांना कठड्याच्या लांकडी दांड्यावरून आपला हात सहज घसरत येतो. तो कोठेंही अडखळत नाहीं याचें श्रेय कोणास द्यावें, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. वरवर पाहतां हा दांडा वांकविलेला दिसतो. वस्तुतः पुष्कळदां तो जाड फळींतून कापून काढलेला असतो. तो एकाच वेळीं वळतो आणि चढतो, आणि खरी अडचण तीच.

केवळ नजरेच्या अंदाजानें ठोकळे तासून हें वळण साधावयाचें तर लांकूडही फुकट जातें व श्रमही. या कामास भूमितीचा आधार देणाऱ्यांत पीटर निकोल्सन याचें नांव ठळक आहे. १७६५ सालीं स्कॉटलंडांत एका पाथरवटाच्या घरीं त्याचा जन्म झाला. लांकूडकामाची उमेदवारी करून तो लंडनास आला व तेथें कारागिरांसाठीं रात्रीची शाळा चालवूं लागला.

वृत्तचिती तिरपी कापली असतां छेद लंबवर्तुळाकार होतो, हें भूमितीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. जिन्याचें वळण ही एक कल्पित वृत्तचिती व तिरपी धरलेली फळी हा तिचा छेद, असें मानलें कीं दांड्याचा फर्मा कागदावर आंखतां येतो. त्याप्रमाणें फळी कापावयाची. मग चढाचा दुसरा फर्मा बाजूस लावून वरखालचें लांकूड काढावयाचें. आणि सांधे दांड्याच्या दिशेशीं काटकोनांत घेऊन आंतून बोल्टानें आवळावयाचे.

कठड्याच्या कामांतील सुधारणांबद्दल लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें १८१४ सालीं त्यास सुवर्णपदक दिलें. तथापि इतके ग्रंथ लिहूनही त्याचा उत्तरकाळ ओढग्रस्तींत गेला. न्यूकॅसल येथें लोकवर्गणीनें त्यास साहाय्य करावें लागलें, आणि १८४४ सालीं कार्लाइल येथें तो निवर्तला.

पदकापेक्षां त्याची रात्रीची शाळाच आम्हांस अधिक मोलाची वाटते. हातानें काम करणारा निराळा व पुस्तक वाचणारा निराळा, असें मानण्याची संवय आपल्याही समाजांत जुनी आहे. निकोल्सननें सिद्धांत आणि रंधा एकाच बांकावर आणून ठेविले. अर्थात् फर्मा कितीही अचूक असला तरी शेवटची तपासणी सुताराच्या तळहाताचीच. परंतु तो तळहात आतां अंधारांत चांचपडत नव्हता, एवढें त्या भूमितीनें निश्चित केलें.