बुजरा घोडा आणि रानवाट : आदिलाबादच्या माळावरील स्वारीची शिस्त

कापसाच्या शेतात उभ्या असलेल्या बुजगावण्याचे नावच ‘बुजणे’ या क्रियापदाशी नाते सांगते. रानडुकरे व पाखरे बिचकून दूर राहावीत, यासाठी शेतकरी काठीला जुना सदरा अडकवतो किंवा बांधावर चकचकीत पट्ट्या ताणतो. त्याच बांधालगत घोडेस्वार आला, तर ही युक्ती घोड्यावरही तितकीच लागू पडते. घोडा थबकतो, मान उंचावतो, क्षणार्धात बाजूला उडी घेतो आणि स्वाराची मांड सुटते. अशा घोड्याला हट्टी किंवा खोडकर ठरवून चाबूक उगारणे ही सर्वाधिक आढळणारी आणि सर्वाधिक घातक चूक होय. बुजणे हा घोड्याचा दोष नाही. तो त्याच्या जगण्याचा उपाय आहे आणि बुजऱ्या घोड्यावरील स्वारीची सारी शिस्त या एका सत्यावर उभी आहे.

प्रदेशाची ओळख

तेलंगणाच्या उत्तर टोकाला, नागपूर–हैदराबाद या राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ वर आदिलाबाद वसले आहे. पैनगंगा ओलांडली की पलीकडे महाराष्ट्र लागतो. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्मल, मंचेरियाल व आसिफाबाद हे जिल्हे वेगळे झाले. सीमेलगतच्या अनेक गावांत मराठी आजही घरात व बाजारात बोलली जाते. त्यामुळे परगावच्या मराठी स्वाराला वाट विचारताना भाषेची अडचण फारशी येत नाही. काळी कापसाची जमीन, सागाची राने, उटनूर–इंदरवेल्ली भागातील डोंगर आणि गोंड, कोलाम, परधान यांच्या वस्त्या हे या भूमीचे रूप आहे.

आदिलाबादच्या नावाचा संबंध विजापूरच्या आदिलशाहीशी जोडला जातो. गोमंतकीय वाचकाला हा धागा परका नाही. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी जिंकून घेण्यापूर्वी गोवा आदिलशाहीच्या ताब्यात होता आणि अरबस्तान व इराणकडून येणारे घोडे दख्खनमध्ये उतरण्याचे ते एक प्रमुख बंदर होते. बाहेरून आलेले घोडे व स्थानिक तट्टे यांच्या संकरातून दख्खनची काटक अश्वसंपदा घडली. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी घोडा तिचा नामांकित वारस. आज आदिलाबादला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारांत वरातीत वाढलेले घोडेही विक्रीस येतात. बँडच्या गजरात शांत उभा राहणारा असा घोडा निर्जन पांदीत एका फडफडणाऱ्या पिशवीला बुजतो, तेव्हा नवा मालक चकित होतो. कारण सरळ आहे : घोडा आवाजाच्या मोठेपणाला जितका भितो, त्याहून अधिक अनोळखीपणाला भितो.

घोड्याला जग कसे दिसते

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला भोवतालचे सुमारे ३५० अंशांचे दृश्य दिसते. कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीमागचा अरुंद पट्टा मात्र त्याला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारे क्षेत्र जेमतेम ६० अंशांच्या आसपास असते. म्हणून एखादी वस्तू नीट न्याहाळण्यासाठी त्याला मान हलवावी लागते. स्वाराने लगाम आखडून धरला, तर पाहण्याची ही सोयच हिरावली जाते आणि भय वाढते. उजेडातून सावलीत जाताना घोड्याची नजर माणसाच्या नजरेपेक्षा सावकाश सरावते. भर उन्हातून दाट सागाच्या सावलीत शिरताना तो अडखळला, तर त्यात नवल नाही. डबक्याची खोली त्याला पाहून कळत नाही, म्हणून वीतभर पाण्यासमोरही तो थांबतो.

विश्रांतीत प्रौढ घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. भीती वाटताच ते काही क्षणांत कित्येक पटींनी वाढतात. अशा अवस्थेतील प्राणी नवे काही शिकत नाही, तो फक्त पळण्याची दिशा शोधतो.

रानात जाण्यापूर्वी

अचानक बुजरा झालेला घोडा प्रथम पशुवैद्यकाला दाखवावा. पाठीवर टोचणारे खोगीर, आवळलेला तंग, धारदार झालेले दात, तोंडात रुतणारी कडी, अधू झालेली दृष्टी किंवा दुखरा खूर, यांपैकी काहीही घोड्याला अस्वस्थ करू शकते. वेदनेवर शिकवणीचा उतारा चालत नाही.

वजनाचाही विचार हवा. स्वार व खोगीर मिळून भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावा, असा व्यवहारातील संकेत आहे. २५० किलोच्या देशी तट्टावर हा हिशेब ५० किलोवर थांबतो, म्हणजे बहुतेक प्रौढ पुरुषांना असे तट्टू योग्य नव्हे. खुराकात धान्य भरपूर आणि व्यायाम नाही, अशी स्थितीही घोड्याला तापट करते. चारा अधिक, धान्य बेताचे आणि रोजची मोकळीक हा पहिला उपचार होय.

त्यानंतर जमिनीवरची शिकवण. मोरकी घालून चालणे, थांबणे, मागे सरकणे आणि मागचा भाग एका बाजूला वळवणे, या चार गोष्टी हलक्या इशाऱ्यावर जमल्या पाहिजेत. येथील मूळ नियम असा : इशारा देताना दाब द्यावा आणि घोड्याने योग्य हालचाल करताच दाब तत्काळ सोडावा. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. पिशवी, ताडपत्री, छत्री अशा वस्तू आधी दुरून दाखवाव्यात. घोडा शांत होताच वस्तू मागे न्यावी आणि मग किंचित जवळ आणावी. दहा-पंधरा मिनिटांचा असा रोजचा पाठ आठवड्यातून एकदा घेतलेल्या दोन तासांपेक्षा गुणकारी ठरतो.

स्वाराची सिद्धता

हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण अनिवार्य मानावे. पाय रिकिबीत अडकू नये म्हणून टाच असलेले बूट वापरावेत. फोन खोगिराच्या पिशवीत न ठेवता अंगावर ठेवावा, कारण घोडा उधळला तर पिशवीही त्याच्यासोबत जाते. घोड्याच्या सरंजामावर मालकाचा संपर्क क्रमांक बांधावा. कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे.

पहिल्या फेऱ्यांना सोबतीला अनुभवी, शांत घोडा हवा. घोडा कळपाचा प्राणी आहे. पुढच्या घोड्याची निर्धास्त चाल त्याला माणसाच्या शब्दांहून अधिक पटते. प्रथम सोबत्याच्या मागे, मग बरोबरीने, नंतर पुढे आणि अखेरीस एकटे, असा क्रम ठेवावा. दोन घोड्यांत किमान एका घोड्याच्या लांबीएवढे अंतर राखावे. वाट ओळखीची व अर्ध्या तासाची असावी आणि परतीचा मार्ग नेहमी सावकाश चालीनेच पार करावा. घराकडे दौडत येण्याची सवय पुढे उधळण्याचे कारण बनते.

बुजण्याचा क्षण

उडी घेण्यापूर्वी घोडा सूचना देतो. कान एकाच दिशेला रोखले जातात, मान उंचावते, पाठ ताठ होते, नाकपुड्या फुलतात. याच वेळी स्वाराने श्वास सोडावा, मांड्या सैल कराव्यात आणि नजर भीतीच्या वस्तूवर न रोखता पुढच्या वाटेवर ठेवावी. घोड्याला तिथेच थांबून पाहू द्यावे. त्याने मान खाली घेतली, ओठ हलवले किंवा दीर्घ श्वास सोडला की दोन पावले पुढे जावे. फारच ताण दिसला, तर घोडा स्वतः पळण्याआधी स्वाराने त्याला चार पावले मागे न्यावे. निर्णय स्वाराचा राहिला की घोड्याला आधार मिळतो.

मारहाण का करू नये, याचे उत्तर जुने आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वारोहणावरील आपल्या ग्रंथात हे कारण मांडले : भ्यालेल्या घोड्याला मारले, तर वेदना त्या वस्तूमुळेच झाली असे त्याला वाटते आणि भय दुणावते.

घोडा वेग घेऊ लागताच, चाल मंद असेतो, एका बाजूचा लगाम हळूहळू घेऊन त्याला वर्तुळात वळवावे. भरधाव घोड्याला मात्र एकदम एका बाजूला ओढू नये, तो कोसळू शकतो. अशा वेळी मांड खोल ठेवून, लगाम ओढून व सोडून, मोकळ्या जागेत मोठे वर्तुळ घ्यावे. वेळीच उतरणे हा पराभव नव्हे. उतरल्यावर लगाम हाताला गुंडाळू नये. भीतीची वस्तू ज्या बाजूला असेल, त्याच बाजूने घोड्याच्या खांद्याजवळ चालावे, म्हणजे त्याची उडी माणसापासून दूर पडते.

या मातीतील खास प्रसंग

पावसाळ्यात काळी माती खुरांना चिकटते, घोडा घसरतो, नाल निखळतो. त्या दिवसांत मुरमाड वाट निवडावी. जानेवारीत आदिलाबाद तेलंगणातील अत्यंत थंड ठिकाणांत गणले जाते आणि गारठ्यात घोडा अधिक चपळ व हळवा असतो. पहिली पंधरा मिनिटे त्याला हाताने धरून चालवावे. उन्हाळ्यात सागाची रुंद, वाळलेली पाने टापांखाली करकरतात. अशा वाटेवर नवख्या घोड्याला प्रथम पायी न्यावे. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर समोर आल्यास कडेला थांबून चालकाला क्षणभर इंजिन बंद करण्याची विनंती करावी. कुत्रे अंगावर आले तर पळू नये, घोड्याचे तोंड त्यांच्याकडे वळवून उभे राहावे.

पुष्य महिन्यात केसलापूरला मेस्राम गोंडांची नागोबा जत्रा भरते, तेव्हा आसपासच्या वाटांवर मोठी वर्दळ असते. ते दिवस बुजऱ्या घोड्यासाठी टाळावेत. कवाल व्याघ्रप्रकल्प आणि पैनगंगेपलीकडचे टिपेश्वर अभयारण्य यांच्यामुळे या टापूत वाघांचा वावर आहे. संरक्षित वनात शिरू नये, रानाच्या कडेने सांजसकाळ फिरू नये. येथे घोड्याने पुढे जाण्यास ठाम नकार दिला, तर त्याचे भय खरेही असू शकते. अशा नकाराचा मान राखून परत फिरावे.

प्रगतीचे मोजमाप

परतताना अखेरचा टप्पा पायी चालून घोड्याचा तंग सैल करावा आणि फेरी नेहमी शांत क्षणी संपवावी. एक छोटी वहीही ठेवावी. बांधावरचे बुजगावणे घोड्याला किती पावलांवरून खटकले आणि किती वेळात त्याने मान खाली घेतली, एवढीच नोंद पुरे. पहिल्या दिवशी पन्नास पावलांवर थांबलेला घोडा काही आठवड्यांनी पाच पावलांवरून, एक कान त्या सदऱ्याकडे ठेवून चालत गेला, तर शिकवण योग्य मार्गावर आहे. त्याने तो कानही वळवू नये, अशी अपेक्षा मात्र करू नये. सावध राहणे हा घोड्याचा स्वभाव आहे. सावधपणा राहिला आणि पळणे थांबले, की रानवाट दोघांसाठी सुरक्षित झाली.