पूर्व नेमकी कुठे असते?

मराठीत ‘पूर्व’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. सूर्य उगवतो ती दिशा पूर्व आणि आधीचा काळही पूर्व. म्हणून पूर्वज, पूर्वापार. हाच जोडअर्थ मला हिब्रूतील ‘केदेम’ या शब्दात भेटला. केदेम म्हणजे समोरची बाजू, पूर्व दिशा आणि प्राचीन काळही. अरबीतील ‘कदीम’ त्याच धातूचा. ‘कदीम जालना’ या नावात आपण आजही तो उच्चारतो.

प्राचीन हिब्रू माणूस उगवत्या सूर्याकडे तोंड करून दिशा ठरवी. मग उजवी बाजू, ‘यामिन’, दक्षिणेला येई आणि पाठीमागचे ‘आहोर’ पश्चिमेला. आपल्या ‘दक्षिण’ शब्दाचाही मूळ अर्थ उजवा असाच आहे.

भाषेने पूर्वेला समोर ठेवले, पण उपासनेने तिच्याकडे पाठ फिरवली. जेरुसलेमच्या मंदिराचे दार पूर्वेला आणि परमपवित्र गाभारा पश्चिमेला होता. मंदिराच्या आवारात पूर्वेकडे तोंड करून सूर्याला नमन करणाऱ्या पंचवीस जणांना यहेज्केल संदेष्ट्याने कठोर शब्दांत दोष दिला. सूर्य ही निर्मिती आहे, निर्माता नव्हे, हा त्यामागचा आग्रह.

इ. स. 70 मध्ये रोमनांनी ते मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे तालमूदमध्ये नियम नोंदला गेला: जिथे असाल तिथून जेरुसलेमकडे तोंड करा. युरोपातील यहुद्यांसाठी ती दिशा पूर्व ठरली. घराच्या पूर्वेकडील भिंतीवर ते ‘मिझराह’, म्हणजे उगवती, असे लिहिलेली सुंदर पाटी लावत. कोकणातल्या बेने इस्रायलींना मात्र जेरुसलेम मावळतीकडे. काबाही आपल्याकडून त्याच बाजूला. इस्लामच्या आरंभी मुसलमानांचा किब्लाही जेरुसलेमच होता. हिजरी सन 2 मध्ये तो बदलला.

गंमत म्हणजे, आज इस्रायलमध्ये मोरोक्कोहून आलेल्या यहुद्यांनाही ‘मिझराही’, म्हणजे पूर्वेकडचे, म्हणतात. अरबीत त्याच मोरोक्कोचे नाव ‘मगरिब’, म्हणजे पश्चिम!

‘तुम्ही पश्चिमेकडे तोंड करता, म्हणजे तुमचे मन इथे नाही,’ असे मला ऐकवणारे भेटले आहेत. त्यांना मी हा सारा इतिहास सांगतो. आणि आपल्या बांधवांना आठवण देतो, की तोंड पूर्वेकडे की पश्चिमेकडे यात पुण्य नाही, हे कुरआननेच बजावले आहे. अनाथाला, गरजूला, वाटसरूला आपल्या धनातून देणे आणि दिलेला शब्द पाळणे, याची गणना त्याने पुण्यात केली आहे. त्यासाठी कुठल्याही दिशेला उभे राहिले तरी चालते.